खिडकीपलीकडचा माणूस

परवा ऊन बरे पडले म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि जुने कागद अंगणात वाळत घातले. वसईचा पावसाळा कागदांना सुखाने जगू देत नाही, हे इथल्या लोकांना सांगायला नको. त्या ढिगात एक झेरॉक्स सापडली. एकाच पानावर रेल्वेची दोन तिकिटे. मे २००४, मुंबई सीएसटी ते नागपूर, विदर्भ एक्सप्रेस. दोन्हींवर तीच तारीख, तीच गाडी आणि तीच दोन नावे, माझे आणि आमच्या सौ.चे. बर्थ मात्र वेगळे! म्हणजे त्या रात्री आम्ही दोघे म्हातारे मिळून चार बर्थवर झोपणार आहोत, असे रेल्वेच्या दफ्तरी रीतसर नोंदले गेले होते.

आमच्या नात्यातल्या बऱ्याच जणांना हा किस्सा ठाऊक आहे. लग्नाकार्यात माझी त्यावरून यथेच्छ थट्टा झालेली आहे. पण त्या किश्श्याच्या पोटात एक इतिहास आहे, तो कुणी विचारत नाही. आपण पडद्यावरच्या एका पानावर बोट दाबतो आणि कुठेतरी दूर, न दिसणाऱ्या जागी, एक बर्थ आपल्या नावावर होतो. या दोहोंना जोडणारे काय असते? मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. नोकरीत असताना सरकारी नियमापोटी एमएस-सीआयटीचा कोर्स केला, एवढेच माझे संगणकशिक्षण. तरी हा प्रश्न मी वीस वर्षे सोडलेला नाही, कारण तो मला महागात पडला होता.

झाले असे. माझी थोरली बहीण नागपूरला. ती न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तेव्हा आमच्याकडे वसईला राहून अंधेरीला सीप्झमध्ये नोकरी करायचा. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या कामावर होता आणि नेमके त्याच आठवड्यात त्यांचे काम 'लाइव्ह' जाणार होते. त्याला सुटी मिळेना. सकाळी सहाची विरार गाडी पकडायला निघताना त्याने आपले क्रेडिट कार्ड टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "मामा, तुम्ही आणि मामी पुढे जा. इंटरनेटवर तिकीट काढा, कुरियर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर येईल. मी चार दिवसांत येतोच." त्याचे डोळे रात्रभर न झोपलेल्या माणसाचे होते. आई तिकडे, तो इकडे, आणि मधे माझा भरवसा.

आता जरा मागे जातो.

संगणकाच्या आधीचे आरक्षण ज्यांनी पाहिले असेल त्यांना ती जाडजूड रजिस्टरे आठवत असतील. एका गाडीचे, एका तारखेचे पान एकाच ठिकाणी. त्यामुळे अमुक गाडीची खिडकी अमुकच. कलकत्ता मेलच्या रांगेत तास काढून पुढे गेलात आणि तुम्हाला हवी ती गाडी शेजारच्या खिडकीवर आहे असे कळले, तर मुकाट्याने दुसऱ्या रांगेच्या शेपटीला जायचे. परतीचे आरक्षण हवे असेल तर तिकडच्या स्टेशनला तार जायची आणि उत्तराची वाट बघायची. आम्ही वसईकर तर आधी लोकलने चर्चगेट नाहीतर बोरीबंदर गाठायचे, मग रांग. पण त्या गैरसोयीच्या व्यवस्थेत एक मोठा गुण होता. एक वही, एक बाबू आणि एक पेन. बाबूने बर्थवर नाव लिहिले की तो बर्थ गेला. त्याच क्षणी तो दुसऱ्याला विकला जाणे शक्यच नव्हते, कारण वही उघडी होती ती त्या एकाच माणसापुढे. पुढची सगळी चाळीस वर्षे संगणकवाले जे कमवायला धडपडले, ते त्या बाबूकडे आयतेच होते.

१९८५ साली दिल्लीत पहिल्यांदा संगणकावर आरक्षण सुरू झाले. व्यवस्थेचे नाव 'इम्प्रेस'. ती तयार केली सीएमसी या आपल्याच सरकारी कंपनीने. (आयबीएम १९७८ मध्ये भारतातून गेली तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल करण्याचे काम याच सीएमसीवर आले होते. आपल्याकडच्या संगणकाच्या इतिहासात या कंपनीची आठवण फारशी कुणी काढत नाही.) मग ही व्यवस्था मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद अशी पसरली. कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. त्या वेळी तो चमत्कारच वाटला होता. पण प्रत्येक केंद्र म्हणजे आपापले संस्थान. मुंबईच्या यंत्राला सिकंदराबादच्या यंत्रातले दिसत नसे.

ती संस्थाने विलीन केली 'कॉन्सर्ट' नावाच्या आज्ञावलीने. रेल्वेने १९८६ मध्ये 'क्रिस' ही आपली स्वतःची संगणक संस्था काढली होती, तिने ती लिहिली. १९९४ मध्ये सिकंदराबादला ती पहिल्यांदा चालली आणि एप्रिल १९९९ मध्ये पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. या जोडणीत मधल्या दुव्याचे काम करणारे एक सॉफ्टवेअर होते. अमेरिकेतल्या डिजिटल कंपनीचे, नाव 'रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर'. नाव मोठे, पण काम समजायला सोपे. मुंबईच्या खिडकीवरून कुणी सिकंदराबादच्या यंत्रातला बर्थ मागितला, तर तो व्यवहार एकतर पुरा पोचवायचा, नाहीतर झालाच नाही असे करून टाकायचे. अर्धवट काही ठेवायचे नाही. मधेच वीज गेली, तार तुटली, तरीही.

फेब्रुवारी २००० मध्ये रेल्वेने इंटरनेटवर नुसती चौकशी सुरू केली. पीएनआर टाकायचा आणि वेटिंग कितीवर आले ते बघायचे. आणि ३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून घरबसल्या तिकीट काढता येऊ लागले. तिकीट मात्र कागदाचेच. आपण पैसे भरायचे आणि छापील तिकीट कुरियरने घरी यायचे. त्याला आय-तिकीट म्हणत. आपणच छापून घ्यायचे ई-तिकीट २००५ मध्ये आले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वेबसाइट आली म्हणून मागची कॉन्सर्ट कुणी मोडीत काढली नाही. संकेतस्थळ म्हणजे देशातल्या हजारो खिडक्यांत आणखी एका खिडकीची भर. वही तीच. याचा पुरावा हवा असेल तर आठवून पाहा. चोवीस तास उघडे असायला हवे असे हे संकेतस्थळ रात्री पावणेबाराच्या सुमारास दुकान बंद करत आले आहे. मागची व्यवस्था तेव्हा दिवसाचा हिशेब मिटवून नव्या तारखेचे पान उघडत असते. पुढची खिडकी कितीही चकचकीत असो, वही मिटली की तीही मिटते.

मग अडचण कुठे होती? अडचण होती त्या पानात.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात जीनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेब निर्माण केले ते शास्त्रज्ञांना कागद वाचता यावेत म्हणून. पान मागा, पान मिळेल. एवढाच करार. पान देणाऱ्याला तुम्ही कोण, मघाशी काय मागितले, याच्याशी काही देणेघेणे नाही. दर वेळी तुम्ही त्याला नवखेच. आमच्या शाळेत एक अत्यंत सज्जन पण विसरभोळे ग्रंथपाल होते. एकाच तासाला तिसऱ्यांदा गेलात तरी ते चष्मा वर करून "नाव काय आपलं?" म्हणायचे. वाचनालयात हे चालते. तिकीट काढताना कसे चालेल? गाडी निवडली, मग डबा, मग नावे, मग पैसे. चार पानांचा प्रवास, आणि प्रत्येक पान आधीचे विसरलेले!

यावर पहिला उपाय निघाला तो १९९३ मध्ये, इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेत. त्याचे नाव सीजीआय. आता पान आधीपासून लिहून ठेवलेले नसायचे. मागणी आली की एक कार्यक्रम चालायचा आणि तो पान लिहून द्यायचा. हीच सजीव पानांची सुरुवात. पण दर मागणीला नवा कार्यक्रम सुरू आणि पान दिले की तो बंद. म्हणजे खिडकीवर आलेल्या प्रत्येक प्रवाशासाठी नवा बाबू नेमायचा आणि तिकीट फाडले की त्याला सेवामुक्त करायचे. गर्दी वाढली की नेमणुकांतच सगळा वेळ जायचा. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी 'कुकी' काढली, म्हणजे पान मागणाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी द्यायची आणि पुढच्या वेळी ती दाखवायला सांगायची. ग्रंथपालांची ओळखीची सोय झाली.

डिसेंबर १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एएसपी आणले. सनच्या जावा गोटातून १९९७ मध्ये सर्व्हलेट आणि १९९९ मध्ये जेएसपी आले. एएसपी आणि जेएसपी यांत पानाच्या मजकुरातच आज्ञा लिहिता येत. लोकांना ते इतके आवडले की सगळेच पानात लिहू लागले. भाडे किती, सवलत कुणाला, बर्थ कुठला, सगळे त्या पानात कोंबलेले. फळ्यावरच पाठ, फळ्यावरच हजेरी आणि फळ्यावरच शाळेचा जमाखर्च. मग एका पानावरचा भाड्याचा नियम बदलला आणि दुसऱ्या पानावर बदलायचा राहिला, असे घोळ सुरू झाले. म्हणून ठरले की पानाने फक्त दाखवायचे आणि विचारायचे. नियम, हिशेब आणि वही मागे, वेगळ्या खोलीत, वेगळ्या घटकांकडे. मायक्रोसॉफ्टच्या घरात या घटकांना 'कॉम' म्हणत. जावाच्या घरातले नाव फारच मजेदार आहे.

ते मला भाच्याने सांगितले त्या दिवशी आमच्याकडे वालाचे बिरडे होते. सौ. मोड आलेले कडवे वाल सोलत बसली होती आणि हा बहाद्दर तिच्या परातीतून मूठभर उचलून टेबलावर मांडू लागला. "मामा, आम्ही दिवसभर हेच करतो. बीन्स!" जावा या भाषेचे पहिले नाव 'ओक', जेम्स गॉस्लिंग यांच्या कचेरीबाहेरच्या झाडावरून. ते बदलून जावा झाले, ते कॉफीवरून. आणि कॉफी म्हटली की तिचे दाणे आलेच. म्हणून मार्च १९९८ मध्ये मागच्या खोलीतल्या घटकांचा जो नियमग्रंथ निघाला, त्याचे नाव 'एंटरप्राइझ जावाबीन्स'.

त्याने वालांचे दोन ढीग केले. हे सेशन बीन, म्हणजे काम करणारे बाबू. हे एंटिटी बीन, म्हणजे वहीतल्या ओळी. एक दाणा, एक ओळ. बाबूंतही दोन जाती. एकाला काही आठवत नाही, तो कुणाचेही एक काम करतो आणि पुढच्याकडे वळतो. असे दहा-वीस बाबू बाकावर बसवून ठेवायचे, रिकामा असेल त्याने उठायचे. नेमणूक-बडतर्फीची भानगड नाही. दुसरा तुमच्या एकट्याच्या दिमतीला, तुमचे काम संपेपर्यंत सगळे लक्षात ठेवणारा. या सगळ्यांना सांभाळणारी परात, तिला ते 'कंटेनर' म्हणत. खरी गंमत त्या परातीत होती. कोण आत येऊ शकतो, किती बाबू बसवायचे, आणि मुख्य म्हणजे व्यवहार कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, हे ती बघणार. कार्यक्रम लिहिणाऱ्याने फक्त आपल्या धंद्याचे नियम लिहायचे.

हा जो 'व्यवहार', ट्रान्झॅक्शन, त्याच्यामागे जिम ग्रे यांचे काम आहे. दोन ठिकाणच्या दोन वह्यांत एकच व्यवहार लिहायचा असेल तर आधी दोघांनाही "तयार आहात?" असे विचारायचे. दोघांचा होकार आला तरच "लिहा" म्हणायचे. एकाने जरी मान हलवली तर दोघांनीही पाटी पुसायची. १९७० च्या दशकातला हा विचार आणि त्यांचे नंतरचे काम, यांसाठी त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जानेवारी २००७ मध्ये हा माणूस एकटाच शिडाची होडी घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून समुद्रात गेला तो परत आलाच नाही. पुष्कळ शोध झाला, होडीसुद्धा सापडली नाही. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो की कधीकधी मला त्यांची आठवण येते. जगातला एकही व्यवहार अर्धवट राहू नये म्हणून झटलेला माणूस!

पुन्हा वालांकडे. सौ.ने सगळे ऐकून विचारले, "अरे, पण एका दाण्यासाठी एवढा पसारा?" तिने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. एक छोटा बीन करायचा तर तीन-चार वेगवेगळे कागद लिहावे लागत. त्याची ओळख सांगणारा एक, त्याला बोलावण्याची रीत सांगणारा एक, प्रत्यक्ष काम एक, आणि वर पुन्हा परातीला द्यायचा तपशील. शाळा तपासणीला तीन प्रतींत माहिती भरलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकून फार बरे वाटले. आपण एकटे नाही! शिवाय पान एका यंत्रावर आणि बीन दुसऱ्या यंत्रावर असला की प्रत्येक प्रश्नाला गाठोडे बांधून पाठवायचे, तिकडे सोडायचे आणि उत्तराचे पुन्हा बांधायचे. प्रवाशाचे नाव विचारायला एक खेप, वय विचारायला दुसरी, लिंग विचारायला तिसरी, असे कुणी लिहिले की यंत्र धापा टाकायचे. मग अनुभवी लोक सांगू लागले की मधे एक पुढारी बाबू ठेवा. पानाने त्यालाच काय ते एकदा सांगायचे आणि त्याने आतल्या आत सगळे करून एकच गाठोडे बाहेर द्यायचे. भाचा हे काम करत होता. एकाच विमाधारकाचा एकच हप्ता दोनदा घेतला जाऊ नये, ही त्याची जबाबदारी. हे लक्षात ठेवा.

तर तो मे महिना. भाचा कामावर गेलेला, सौ. पिशव्या भरतेय, मी संगणकापुढे. आमची फोनची लाइन म्हणजे सायकलवरून पाणी आणण्याचा प्रकार. मी गाडी निवडली, नावे भरली, कार्डाचा नंबर दोनदा ताडून पाहिला आणि बटण दाबले. पान पांढरे. मिनिट गेले, दोन गेली. मनात तेवढ्यात ताईचा विचार, शस्त्रक्रियेची तारीख, बर्थ जातील का याची धाकधूक. अशा पानांवर 'मागे जाऊ नका, पुन्हा दाबू नका' असे लिहिलेले असते. पस्तीस वर्षे मुलांना 'प्रश्न नीट वाचा' असे सांगणाऱ्या मी ते वाचले नाही. मागे गेलो, सगळे पुन्हा भरले आणि पुन्हा दाबले. या वेळी तिकीट झाले. मी खूश.

संध्याकाळी भाच्याने बँकेचा निरोप पाहिला. पैसे दोनदा गेले होते. रात्री साडेदहाला घरी आलेला तो पोरगा खुर्चीत बसून आधी हसायला लागला आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. मी म्हटले, "अरे, यंत्राची काहीतरी चूक असेल." तो म्हणाला, "नाही मामा. यंत्राने चूक केलीच नाही. दोन्ही व्यवहार बिनचूक झालेत. तुम्ही दोनदा मागितलंत, त्याने दोनदा दिलं."

मला हे फार लागले. म्हणजे मागच्या खोलीत सगळे ठाकठीक होते. अर्धवट काही नव्हते, एकाच बर्थवर दोन नावे नव्हती. गडबड झाली ती पान आणि खोली यांच्या मधल्या उंबऱ्यावर, जिथे मी होतो. भाच्याने तेव्हा सांगितले की असे करणारे लोक इतके असतात की त्यावर उपाय काढावा लागला. पान देतानाच त्यासोबत एक गुप्त क्रमांक द्यायचा. बटण दाबले की तो क्रमांक आत जातो आणि बाद होतो. तोच क्रमांक घेऊन पुन्हा कुणी आले तर आतला बाबू म्हणतो, हे झाले आहे. आमच्या लहानपणी बँकेत चेक दिला की पितळी बिल्ला मिळायचा, तोच हा! तोही त्याला टोकनच म्हणतो. पण असा बिल्लासुद्धा त्या एका पानापुरता. मी मागे जाऊन सगळे नव्याने भरले, तर तो नवाच बिल्ला. शहाणपण किती लिहून ठेवणार?

दोन तिकिटे कुरियरने अंधेरीला आली. आय-तिकीट रद्द करायचे तर खिडकीवरच जावे लागे. म्हणजे रांग चुकवून काढलेले तिकीट परत करायला मी वसई रोड स्टेशनच्या आरक्षणाच्या रांगेत तासभर उभा! खिडकीत बसला होता आमच्याच शाळेतला एक जुना विद्यार्थी. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, माझ्याकडे पाहिले आणि अगदी हळू आवाजात विचारले, "सर, दोनदा दाबलंत?" मी मान डोलावली. त्याने एक तिकीट रद्द केले आणि दुसरे मला देताना म्हणाला, "हे ठेवतो, यात दोन्ही लोअर आहेत. मॅडमना वर चढायला नको." कुठली सूचना नव्हती, कुठला नियम नव्हता. त्याने पाहिले आणि ठरवले.

त्या खिडकीतून मला जे मिळाले ते पानात लिहायला किती वर्षे लागली पाहा. ज्येष्ठांना खालचा बर्थ द्यावा, हा नियम संगणकाला शिकवावा लागला. कुणीतरी कुठल्याशा खोलीत बसून तो एकेक ओळ करून लिहिला असणार. बाबूच्या डोक्यातले असे एकेक शहाणपण मागच्या खोलीत उतरवत जाणे, हेच या साऱ्या इतिहासाचे पोट आहे असे मला वाटते. त्यातले काही उतरले. काही नाही.

बीन्सचे पुढे काय झाले तेही थोडक्यात सांगतो. त्या पसाऱ्याला लोक कंटाळलेच होते. रॉड जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी २००२ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहून सांगितले की एवढ्या सोपस्कारांशिवायही हे होते, आणि त्यातून 'स्प्रिंग' नावाची हलकी व्यवस्था निघाली. तिची पहिली पक्की आवृत्ती मार्च २००४ ची, म्हणजे माझ्या तिकिटाच्या दोनच महिने आधीची. २००६ मध्ये बीन्सवाल्यांनीही शहाणे होऊन कागदपत्रे कमी केली. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली, २०१७ मध्ये हा सगळा संसार एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचे ठरवले, पण जावा हे नाव काही दिले नाही. म्हणून त्याचे नाव झाले 'जकार्ता'. जावा बेटावरचेच शहर! बारसे करणाऱ्यांची कल्पकता मला आवडली.

रेल्वेकडे एप्रिल २०१४ मध्ये क्रिसने बनवलेली नवी ई-तिकीट व्यवस्था आली. मिनिटाला २००० तिकिटांची क्षमता ७२०० वर गेली. सकाळी दहाच्या तत्काळच्या झुंबडीत ज्यांनी पान गोल गोल फिरताना पाहिले आहे, त्यांना या आकड्यांची किंमत कळेल. जून २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केले की मागची आरक्षण व्यवस्थाच नव्याने बांधली जात आहे, आणि मिनिटाला ३२ हजार तिकिटांऐवजी दीड लाखांहून अधिक तिकिटे काढता येतील. म्हणजे चाळीस वर्षांनी आता वहीच बदलायची वेळ आली.

आम्ही विदर्भने नागपूरला पोचलो ते शस्त्रक्रियेच्या आदल्या सकाळी. ताई खाटेवर पडल्या पडल्या आमची वाट पाहत होती. तिची नोकरी सगळी टेलिफोन खात्यात गेली. ट्रंक कॉल जोडायची. आजच्या मुलांना सांगावे लागते की तेव्हा नागपूरहून मुंबईला बोलायचे तर मधे एक बाई बसलेली असायची. ती दोऱ्या खोचून दोन टोके जोडायची आणि बिलासाठी चिठ्ठी लिहायची. तिचे मन रमावे म्हणून मी माझ्या फजितीची गोष्ट सांगितली, वालांसकट. ती म्हणाली, "अरे, यात नवीन काय? दोन्हीकडून आवाज आला की मगच मी मधून बाजूला व्हायचे. आणि तोपर्यंत मिनिट लिहायला सुरुवात करायची नाही."

"आणि एकाच माणसाने उतावीळपणे दोनदा कॉल लावला तर?"

"असे रोज दहा असायचे. मी म्हणायचे, काका, तुमचा नंबर लागतोय, जरा धीर धरा. मग ते घरातलं सांगायला लागायचे. कुणाचं बाळंतपण, कुणाचं आजारपण. त्याची चिठ्ठी आधी वर ठेवायचे."

भाचा कबूल केल्याप्रमाणे चौथ्या दिवशी आला. त्याचे काम लाइव्ह गेले होते. ताई पुढे नऊ वर्षे काठी घेऊन का होईना पण हिंडली-फिरली. नातवंडांनो, तुमची आजी चालू लागली तेव्हाची पहिली फेरी आम्ही पाहिली आहे, ती या दोनांपैकी एका तिकिटावर.

झेरॉक्स वाळली. तिचा फोटो काढून भाच्याला पाठवला. तो आता स्वतः पन्नाशीला टेकला आहे. तिकीट रद्द करताना कापले गेलेले पैसे त्याने माझ्याकडून कधी घेतले नव्हते. दहा मिनिटांत त्याचे उत्तर आले, "मामा, रद्द केल्याचे पैसे अजून यायचे आहेत. एकदाच पाठवा."